आगीचं दार

आईला डहाणूच्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या आपल्या बहिणीला बघायला वरोरची एक कोळीण यायची. आली की आधी वॉर्डाच्या टोकाचं, आग लागली तर बाहेर पडायचं दार ढकलून बघायची. त्याला कायम कुलूप.

एका दुपारी ती नर्सवर कडाडली, “बाय, किल्ली आण!”

“मावशी, चोर शिरतात म्हणून लावलंय.”

“चोर काय नेईल, गाद्या? माझी नात दवाखान्यातल्या आगीनं नेली. त्या दवाखान्यातपण दार बंदच होतं. आमची पोरं जळाली तेव्हा तुमचे नियम झाले. आणि तुम्ही त्या नियमांनाच कुलूप घालता?”

ती आग आम्ही सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिली होती. हळहळलो आणि विसरलो होतो.

डॉक्टर आले. “उद्या बघू,” म्हणाले. ती दाराला पाठ लावून खाली बसली. मीही संतापून तिच्याशेजारी बसले. मग बाकीचे नातेवाईकही आले.

शेवटी किल्ली आली. दार उघडलं, तर जिना मोडक्या खाटांनी भरलेला.

तिनं पदर खोचला, एका खाटेचं टोक उचललं आणि म्हणाली, “डॉक्टर, तिकडनं धरा.”

त्यांनी धरलं.