न लावलेला पाट

पुण्यात डॉक्टरीणबाईंच्या सूतिकागृहात मी काम करते. तिसरीत शाळा सुटलेल्या माझ्या हातात पुस्तकं दिली ती त्यांनीच. ही कादंबरीही त्यांनीच दिली. ते उपकार मी विसरणार नाही, आणि हे लिहिल्यानं त्यांना वाईट वाटेल का, अशी धास्तीही आहे. पण पुस्तक मिटलं ते रागानंच.

कादंबरीत एका शेतकऱ्याची बायको आहे. नवरा पितो, मारतो. शेवटी ती विहीर जवळ करते. लेखकानं काही लपवलेलं नाही. गोठ्याचा वास, पाठीवरचे वळ, फुगलेलं प्रेत, सगळं आहे. याला निसर्गवाद म्हणतात, असं बाई म्हणाल्या. माणूस आपल्या रक्ताच्या आणि परिस्थितीच्या ताब्यात. पाणी उताराला जातं तशी ती विहिरीकडे गेली, असं लेखक म्हणतो.

वळ मीही पाहिलेत. माझी मोठी बहीण मानोऱ्याकडं दिली होती. एका सकाळी ती कुणाच्या तरी बैलगाडीत बसून आसेगावला, आमच्या घरी, निघून आली. माय तिची पाठ शेकता शेकता बाबांना म्हणाली, "काडी मोडा अन् हिचा पाट लावा."

आमच्यात ती वाट होती. पंचांपुढं गवताची काडी मोडली की लग्न मोडायचं, आणि बाई दुसरा संसार मांडू शकायची. त्यालाच पाट म्हणत. पण बाबा नुकतेच देशमुखांच्या ओसरीवर बसू लागले होते, आणि त्या ओसरीवर पाटाला नाकं मुरडत.

"आपल्या घरात आता पाट होत नाही," बाबा म्हणाले.

"माह्या मायनं पाट लावला म्हनून मी जन्मली. मी कशी चालली तुमाले?"

"तवाची गोष्ट येगळी. आता आपले पोरं शाळेत जातात."

पोरं म्हणजे माझे भाऊ. मला त्याच वर्षी शाळेतून काढून पाणी भरायला लावलं होतं.

बहीण म्हणाली, "बाबा, पाट नसन लावायचा तं नका लावू. इथंच राहू द्या मले. कापूस येचीन, भाकर खाईन."

"लोकं काय म्हनतीन?"

"लोकायले माही पाठ दाखवा."

बाबांनी गाडी जुंपायला सांगितली.

माय ओटी भरायला उठली नाही. "सासरी जानाऱ्या लेकीची ओटी भरतात. हिले तुमी नेऊन टाकून राह्यले. तुमीच भरा." बाबा गाडीकडं वळले. बहीण रिकाम्या पदरानं गाडीत बसली.

तिनं विहीर जवळ केली नाही. ती तिथं राबत राहिली, आणि एका पावसाळ्यात मार खाऊन पडली ती उठलीच नाही. ताप होता, असं सासरच्यांनी सांगितलं. बाबा म्हणाले, नशीब.

बाबा नशीब म्हणतात, हा लेखक रक्त म्हणतो. शब्द कोणताही घ्या, उतार कुणी खणला ते विचारायला नको. एवढ्या जाड पुस्तकात ती ओसरी नाही, तिथं बसायला मिळावं म्हणून लेक परत नेऊन घालणारा बाप नाही. आणि त्याची ती बाई जनावरासारखी मुकी. माझी बहीण मुकी नव्हती. तिनं तोंड उघडून, दिवसाढवळ्या, राहू द्या म्हणून मागितलं होतं, आणि तिचा बाप समोर उभा होता.