बांबूवरची दोरी
मी काही लिहिणारा नाही, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून या धाडसाबद्दल आधीच माफी मागतो. पण आज काथ्याच्या ओल्या दोरीचा वास आला आणि राहवलं नाही. नव्वदच्या दशकात माझे वडील आणि गावाकडचे एक काका कळंबोलीच्या लोखंड बाजारात जोडीने हमाली करत. बांबूच्या मधोमध दोरीने ओझं टांगायचं, पुढे काका, मागे वडील, दोघांवर सारखाच भार, हा जोडीचा रिवाज. एका दुपारी मी नेरूळच्या कॉलेजातून थेट तिथे गेलो, तेव्हा ओझं खाली ठेवून दोघं टेकले होते. काका कौतुकाने म्हणाले, “काय कालेजकुमार, आज काय शिकिवलं?” मी उत्साहाने त्यांच्याच बांबूवर दाखवलं, की ओझं ज्याच्या जवळ, त्याच्यावर भार जास्त. काका दोरीकडे बघत राहिले. ती वडिलांच्या बाजूला वीतभर सरकलेली होती. “दादा, माजी कंबर धरल्यापासनं ह्येच चाललंय व्हय?” वडील पुटपुटले, “सरकली आसंल रं.” “रोज सरकती? मला लुळा समजतोस?” काका उठले ते उठलेच, आणि त्याच आठवड्यात साताऱ्याकडे गावी निघून गेले. वडिलांनी पुन्हा कुणाशी जोडी केली नाही. मला शिकवलेलं तेच मी सांगितलं होतं, तरी अजून वाटतं, त्या दिवशी तो तास बुडवला असता तर बरं झालं असतं. पुढे बऱ्याच दिवसांनी गावाहून एक माणूस आला. काकांनी अंथरुणावरून ‘दादाला बोलवा’ असा निरोप धाडला होता. तो आमच्यापर्यंत पोचला, तेव्हा त्यांचं तेरावंही उरकलं होतं.