मक्याचे शेतकरी

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. गावी कुणाच्या अंगात आलं की मी मागे उभा राहून हसायचो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची आहे.

पुण्यात कॉलेजच्या गल्लीत माझं टॅकोचं छोटं हॉटेल आहे. सहा टेबलं, भिंतीवर निवडुंगाची चित्रं. मी माण तालुक्यातला, घरी मेंढरं आहेत, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे मीच कधी कळू दिलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यातली दुपार. भर गर्दीत दारात माझे वडील उभे – आम्ही त्यांना आबा म्हणतो. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं.

"दुकान बघाय आलो," म्हणाले.

कोपऱ्यातलं एक टेबल रिकामं होतं. तरी मी त्यांना किचनच्या दाराशी स्टुलावर बसवलं. स्वयंपाक बघणाऱ्या सुनंदाताईंनी त्यांना एक टॅको दिला. आबांनी आधी तुकडा मोडून प्लेटच्या कडेला ठेवला – कुत्र्याचा वाटा. रानात जेवतानाही ते तसंच करतात. मग एक घास खाऊन हसले.

"मक्याची भाकरीच की रं ही! मेंढरामागं चालताना आमीबी अशीच दुमडून खातो, आत कोरड्यास घालून."

आवाज रानातला, सगळ्या हॉटेलभर गेला. व्हिडिओ काढणारी एक मुलगी वळली. "किती क्यूट! कोण आहेत हे?"

आणि मी म्हणालो, "हे आमचे मक्याचे शेतकरी."

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि हातातली प्लेट खाली ठेवली. मी ऑर्डर घ्यायच्या निमित्ताने सटकलो. परत आलो तर स्टूल रिकामं. प्लेटमध्ये तेवढा तुकडा.

संध्याकाळी आईला फोन केला, आबा पोचले का विचारायला.

"कुठनं पोचायचं? पाय मोडून धा दिस झालं त्यास्नी. पलास्टर हाय, खाटंवरनं हललं न्हाईत. तुला कळवू नगं म्हनलं, पोराच्या धंद्याचा खोळंबा व्हतोय..."

मी सुनंदाताईंना विचारलं. "पटकेवाले बाबा ना? मीच तर प्लेट उचलली त्यांची," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. आबा खरंच खाटेवर होते, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. मेंढरांचं बोलले, चाऱ्याचं बोलले, नेहमीसारखेच. पुण्याचा विषयच नाही. मला हायसं वाटलं, हेही कबूल करतो. मी काय बोललो ते यांना माहीत नाही, म्हणजे सुटलो!

तेवढ्यात दहिवडीहून पाय बघायला कंपाउंडर आला. नवीन माणूस. माझ्याकडे बघून म्हणाला, "हे कोण?"

आबा शांतपणे म्हणाले, "पुण्याचं पाव्हणं हायत. मका बघाय आल्यात."

आईला गंमत वाटली, ती हसली. आबा हसले नाहीत. रागावलेही नव्हते. 'मी मुलगा यांचा' एवढंच सांगायचं होतं मला, पण मी उठून कंपाउंडरला बसायला स्टूल पुढे केलं. तो मान डोलावून कामाला लागला.

तुमच्यापैकी कुणाला याचा उलगडा होत असेल तर जरूर सांगा. मला आजतागायत झालेला नाही. आबांना विचारलं तर कदाचित कळेलही... पण त्यांना विचारायचं, तर मी त्या दिवशी काय म्हणालो ते आधी माझ्या तोंडाने सांगावं लागेल.