शुभदा चंदीगडला राहिली

शुभदा पंडागळे चंदीगडला उतरली ती शहाऐंशी सालच्या ऑक्टोबरात. तेविसावं नुकतंच लागलं होतं. नगरच्या मिशनने तिला दोन वर्षांसाठी सेविका म्हणून पाठवलं होतं. तिच्या गावच्या म्हाताऱ्या अशा सेविकेला अजून ‘बायबलबाई’ म्हणत. गाव नेवाशाकडचं, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. पंजाबात अतिरेक्यांचा धुमाकूळ चाललेला. तिथे जायला कुणी तयार होईना, तेव्हा चर्चच्या मंडळीच्या सभेत हिनेच हात वर केला. आईने तिथेच पदर तोंडाला लावला. वडील घरी आल्यावर फक्त म्हणाले, “देवाला शब्द दिलायस. आता मध्येच परतायचं नाही.”

शहराच्या कडेला एका वसाहतीत पंजाबी ख्रिस्ती लोकांचं छोटं देऊळ, म्हणजे चर्च, होतं, आणि त्याच्या मागे एक खोली. तिथे मार्गरेटदीदी राहायची. गुरदासपूरकडची, पस्तिशीची, दणकट बाई. हसली की शेजारची कोंबडी उडायची. दोघींनी मिळून काम करायचं, असं ठरलेलं. सकाळी वसाहतीतल्या मुलांना अक्षरं शिकवायची, दुपारी आजाऱ्यांना भेटायचं, संध्याकाळी कुणी बोलावलं तर त्यांच्या घरी प्रार्थना. दीदी पुढे सायकलवर आणि ही मागे कॅरिअरवर, मांडीवर पुस्तकांची पिशवी. रस्ते एवढे सरळ आणि एकसारखे, की दीदी नसती तर शुभदा पहिल्या महिन्यात रोज हरवली असती. चौकाचौकांत वाळूच्या पोत्यांआड बंदूकवाले शिपाई बसलेले. ते पिशवी उघडायला लावत. आतलं बायबल चाळून परत देत.

लोक वाईट नव्हते. दारातून हाकलणारेही आधी पाणी द्यायचे. पण मराठीचा एक शब्द कानावर पडत नव्हता, आणि तिला वाटलं होतं त्याहून ते जड जात होतं. पंजाबी ती भराभर शिकली. देवळातली पंजाबी स्तोत्रं ढोलकीवर म्हणायला लागली. तरी प्रार्थनेला डोळे मिटले, की आत मराठीच उमटायची. राजमा-चावल पोटभर खाऊनही काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. थंडीत अंगिठीपाशी बसून ती दीदीला सांगायची, की ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यावर धरली की कशी फुगते. दीदी म्हणायची, “बस कर, यार. तू सांगतेस आणि भूक मला लागते.”

फेब्रुवारीत एकदा ती सेक्टर सतराच्या बाजारात घरी ट्रंक कॉल लावायला गेली होती. लाइन लागली नाही. हिरमुसली होऊन कारंज्यापाशी उभी होती, तोच पाठीमागून आवाज आला, “अगं, हळू! पडशील आणि मग मलाच रडून दाखवशील.”

शुभदा गर्रकन वळली. एक बाई छोट्या मुलीचा हात धरून चालली होती. शुभदा अक्षरशः धावत गेली. “तुम्ही मराठी आहात?” विचारलं आणि त्या बाईचा हातच धरला.

ती बाई म्हणजे रागिणी, मूळ साताऱ्याची. नवरा सैन्यात मेजर, राहायला चंडीमंदिरच्या छावणीत. तिने शुभदाला पुढच्या रविवारी घरीच बोलावलं. गेटवर नाव सांगून ठेवलं होतं. सासरहून आलेल्या पिठाच्या भाकऱ्या केल्या, पिठलं केलं, कांदा फोडला. शुभदा जेवायला बसली आणि पहिला घास तोंडात तसाच धरून राहिली. रागिणीची मुलगी हिंदीत म्हणाली, “मम्मी, ये आंटी रो क्यों रही हैं?”

“तिखट लागलं असेल,” रागिणी म्हणाली आणि लोण्याची वाटी पुढे सरकवली.

जेवणं झाल्यावर मात्र तिने सरळच विचारलं, “राग मानू नकोस. पण तुम्ही लोक ते धर्म बदलायला लावता ना?”

“मी येशूबद्दल सांगायलाच आलेय, रागिणीताई. कुणी विचारलं तर सांगते. नाही विचारलं तर नुसती बसते. लावत काही नाही.”

“मला नको हं सांगूस.”

“नाही सांगत. तुमच्याकडे मी भाकरी खायला येत जाईन.”

रागिणी हसली, आणि दोघींचं जमलं ते जमलंच.

न विचारणारी अशी आणखी एक बाई होती. तिला सगळे बीजी, म्हणजे आई, म्हणत. साठीची शीख विधवा, वसाहतीच्या पलीकडे दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची. तिचा मुलगा जसपाल रेडिओ दुरुस्त करायचा. शुभदा येण्याआधीच एका पहाटे साध्या कपड्यातली माणसं जीपमधून आली आणि त्याला संशयावरून उचलून घेऊन गेली. बीजी पोलीस ठाण्यांमागून ठाणी हिंडली. सगळीकडे एकच उत्तर, आमच्याकडे नाही. तेव्हापासून ती दाराशी खाट टाकून बसायची. मार्गरेटदीदी शुभदाला घेऊन पहिल्यांदा गेली, तेव्हा बीजीने आधीच सांगून टाकलं, “माझा गुरू मला आहे. बसायचं असेल तर बसा.”

शुभदा बसली. मटार सोलले. मग रोजच संध्याकाळी जायला लागली. बीजी जसपालबद्दल बोलायची ते तो आत झोपलाय अशा थाटात. त्याला कारलं आवडत नाही, तो झोपेत दात खातो. शुभदाही आपल्या घरचं सांगायची. आईचं, बहीण रत्नप्रभाचं, गोठ्यातल्या तांबड्या गाईचं. एकदा बीजी म्हणाली, “पुत्तर, तुझ्या बोलीत काहीतरी बोल. मला नाही कळलं तरी चालेल.” शुभदा कितीतरी वेळ मराठीत बोलत राहिली, घरी जावंसं वाटतं हेच पुन्हा पुन्हा. बीजी मान हलवत होती. शेवटी म्हणाली, “कळलं मला.”

सत्त्याऐंशीच्या जुलैत शहराजवळच्याच रस्त्यावर अतिरेक्यांनी बस थांबवून माणसं मारली. शहराला जणू कुलूप लागलं. वसाहतीतले कुणी आपल्या गावी गेले, कुणी दिल्लीला. नगरहून मिशनची तार आली, शुभदाने जमेल तशी परत यावं. त्याच सुमारास रागिणीच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली.

“आमच्याच डब्यातून चल,” रागिणी म्हणाली. “बरोबर जवान असतील, काळजी नाही. पुण्याहून हे तुला नगरच्या एसटीत बसवून देतील.”

तिला कुणी पळपुटी म्हणणार नव्हतं. बोलावणं मिशनचंच होतं. शिवाय नाताळात रत्नप्रभाचं लग्न ठरलं होतं. शुभदाने ट्रंक काढली आणि दीदीसमोर गाणं गुणगुणत कपडे भरले. दीदी पाठ करून पोळ्या लाटत राहिली.

संध्याकाळी ती बीजीचा निरोप घ्यायला गेली. गल्ली शांत होती. पूर्वी बीजीच्या खाटेवर शेजारच्या दोघीतिघी तरी असायच्या. आता त्या घराशी दिसलो तर आपल्याही दाराशी जीप येईल, म्हणून कुणी फिरकत नव्हतं. समोरच्या बाईने शुभदाला पाहून खिडकी लावून घेतली.

बीजीने सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. “जा, पुत्तर. आईला म्हणावं, पोर धड परत पाठवलीय.” आत जाऊन तिने गुळाचा खडा आणला, शुभदाच्या तोंडात घातला, आणि पुन्हा खाटेवर बसून रस्त्याकडे पाहायला लागली. रडली नाही, थांब म्हणाली नाही. म्हणाली असती तर शुभदा हात सोडवून गेलीही असती.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी ती चंडीमंदिरला गेली. रागिणीच्या घरात खोकी बांधायचं चाललं होतं.

“ताई, मी येत नाही.”

“वेड लागलंय का तुला?” रागिणीच्या हातातली सुतळी खाली पडली. “इतके महिने घर-घर करून माझं डोकं खाल्लंस. आणि आता दार उघडलंय तर येत नाही?”

“यायचंय हो. आत्ता, या क्षणी यायचंय.”

“मग?”

“बीजींकडे आता कुणीच येत नाही.”

“तू राहिल्याने तिचा मुलगा परत येणारेय?”

“नाही.”

रागिणी चिडली, समजावून थकली, आणि शेवटी तिला मिठी मारून रडली. ट्रकमध्ये सामान चढल्यावर उरलेलं ज्वारीचं पीठ तिने डब्यासकट शुभदाच्या हातात दिलं. मिशनला शुभदाने उलट तार केली, मुदत पुरी करून येते.

त्यानंतरचं वर्ष सोपं गेलं नाही. रत्नप्रभाचं लग्न लागलं त्या दिवशी इथे संचारबंदी होती. शुभदा दिवसभर घड्याळ पाहत होती. आता वऱ्हाड आलं असेल, आता पाळकसाहेब बायबल घेऊन उभे राहिले असतील, आता रत्ना रडत असेल. दुपारी ती तोंड धुवायला मोरीवर गेली आणि हमसून हमसून रडली. दीदीने तिला रडू दिलं. पश्चात्ताप होतो का, असं दीदीने नंतर विचारलं, तेव्हा ती खरं तेच बोलली, “आज होतो.”

तरी ज्या दिवशी बाहेर पडता येई त्या दिवशी ती बीजीकडे जाई. हळूहळू समोरच्या बाईची खिडकी उघडी राहू लागली. मग एकदा ती वाटीभर खीर घेऊन आली आणि खाटेच्या कडेला टेकली. शुभदाने दोघींच्या मध्ये मेथीची जुडी ठेवली. तिघींनी मेथी निवडली.

जसपाल आला नाही. त्याची बातमीही आली नाही. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात लुधियानाला दिलेली लेक बीजीला न्यायला आली. बीजी जायला तयार नव्हती. समोरच्या बाईने शपथ घेतली, की जसपाल आला तर मी स्वतः त्याला लुधियानाला आणून पोहोचवीन. तेव्हा कुठे बीजी रिक्षात बसली. जाताना तिने शुभदाला जवळ घेतलं नाही, नुसतं एकटक पाहिलं.

ऑक्टोबरात मुदत सरली आणि शुभदा घरी आली. आई, भाकरी, तांबडी गाय, सगळं होतं तिथेच होतं. आठ दिवस ती कुणाला हातही लावू न देता सगळी कामं आपणच करत सुटली. नवव्या दिवशी, दिवेलागणीला, आईने पाहिलं तर पोर ओट्यावर खाट टाकून रस्त्याकडे बघत बसलेली.

“कुणाची वाट बघतेस गं?”

“कुणाची नाही,” शुभदा म्हणाली, आणि सरकून आईला जागा करून दिली.