कानबाई भर रस्त्यात खाली उतरली

देव आहे की नाही, या वादात मी पडत नाही. तो फौजदाराच्या दोराआधी का पोचत नाही, एवढंच मला विचारायचं होतं. आणि अजूनही तेच विचारायचं आहे. मी पत्रकं लिहिणारा, दारूच्या दुकानापुढे उभा राहून घसा फोडणारा माणूस. हात जोडायची सवय केव्हाच मोडली होती, कारण घरात अक्का होती.

अक्का माझी थोरली बहीण. तान्हं मूल गेलं आणि तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही. सासरच्यांनी तिला अमळनेरला आमच्या दारात आणून सोडलं. एरवी शांत असे, भाकरी थापत असे. मोठा आवाज झाला की मात्र भेदरून रस्त्यावर धावत सुटे.

श्रावणातला सोमवार होता. घरोघरच्या कानबाई विसर्जनाला बोरी नदीकडे निघाल्या होत्या; बायांच्या डोक्यावर पाट, पाटावर नथ घातलेला देवीचा नारळ. डफ वाजले आणि अक्का पळाली. बाजाराच्या तोंडाशी मी तिला गाठलं, तर केस सुटलेले, अंग थरथरतंय आणि लोक तिच्या पाया पडतायत! देवी अंगात आली असं समजून कोणी कुंकू लावलं, कोणी रोटाचा प्रसाद पुढे केला. अक्काने तो भिरकावला. तेवढ्यात आमच्याच गल्लीतला एकजण ओरडला, “अरे, हाई देवी नई, हाई तं येडी शे!”

बाई तीच, थरथर तीच. पण पाया पडणाऱ्या हातांत आता दगड आले.

शिपाई धावले, ते दगड मारणाऱ्यांवर नव्हे. त्यांनी अक्काचे हात दोराने करकचून निंबाला बांधले. ती गुरासारखी हंबरत होती. मी फौजदारावर तुटून पडलो. “आजारी माणसाला बांधता? गर्दी हटवा! तिला पाणी द्या, तिच्याशी बोला!”

तो हसला. “या, पत्रकवाले! देशाचं स्वराज्य राहू द्या, आधी घरची बाई सांभाळा.”

गर्दी खदाखदा हसली. मी आणखी चढ्या आवाजात बोलू लागलो, आणि माझ्या आवाजासरशी अक्का आणखी किंचाळू लागली. तेव्हा मात्र मी मागे सरलो. मनात एवढंच आलं: माय, आता तूच बघ.

मिरवणुकीतली एक म्हातारी पुढे आली. कोण, कुठली, आजवर कळलं नाही. नदी येईपर्यंत कानबाई खाली टेकवत नाहीत. तिने डोक्यावरचा पाट उतरवून निंबाखाली मातीत ठेवला आणि शेजारी बसली. डफ थांबले. मागच्या सगळ्या बाया जागच्या जागी उभ्या.

“उचल, बाई, चल,” फौजदार म्हणाला.

“तिना हात सोड, भाऊ. तोपर्यंत माय उठाव नई.”

देवीला पुढे ढकलायची छाती फौजदाराला झाली नाही. दोर सुटला. म्हातारीने अक्काला धरलं नाही. बायांना मागे सरकवलं, तांब्या पुढे ठेवला आणि हळूच विचारलं, “पानी पेस का, माय?” बराच वेळ गेला. अक्का पाणी प्याली. मग म्हातारी म्हणाली, “मनी मान दुखस. थोडं तू लेस का?” आणि कानबाईचा पाट अक्काच्या डोक्यावर दिला.

हा चमत्कार म्हणून मी सांगत नाही. चमत्कार असता तर पुढच्या उन्हाळ्यात जळगावच्या स्टेशनवर गाडीच्या शिटीने भेदरलेल्या अक्काला पुन्हा दोर दिसला नसता. मी तिकीट काढायला गेलो होतो. परतलो तोवर पोलिसांनी तिला नेलं होतं. तिथून वेड्यांच्या इस्पितळात. तिथून फक्त ती गेल्याचा निरोप आला.

सरकारदरबारी मी अर्ज करतो आहे, करत राहीन: बेड्या आणि दोर नको, गर्दी हटवा, आवाज खाली आणा, घरच्यांना बोलवा, माणसाला वेळ द्या. उत्तर येत नाही. निराशा इतकी दाटते की शब्द संपतात. शब्द संपले की मी हात जोडतो. आता त्याची लाज वाटत नाही. त्या म्हातारीला जिने पाठवलं, तिचं ऋण माझ्यावर आहे.

कारण मी ते पाहिलं आहे. निंबापासून नदीपर्यंत अक्का पुढे चालत होती, मी मागे. मनगटांवर दोराचे लाल वळ होते, आणि त्या हातांनी धरलेला डोक्यावरचा पाट जरासुद्धा हलत नव्हता.