मधल्या भिंतीपलीकडचं कवेलू

"तिकडं नोको सरकू म्हनतो ना! पडशीन लेका, मनका मोडन तुहा! उतर खाली!"

अंगणात उभा राहून माझा चुलतभाऊ असा ओरडत होता, की तिकडे घाटंजीच्या बाजारातल्या बैलांनी दावी तोडली असतील. मी छपरावर पालथा पडलेलो, पोटाखाली बारदाना, दातात सुतळी. बोलायची सोय नव्हती. ती नसली की माणसाला बरंच ऐकू येतं. आणि मला आश्चर्य वाटलं, की दरसाल मला वर ढकलणाऱ्या दादाला आज माझ्या मणक्याची एवढी काळजी काहून?

घर आजोबांच्या वेळचं. वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली, पण कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर कोण वाटून घेणार? ते सलगच राहिलं. त्यावर त्या फाल्गुनात वानरांनी अशी धुळवड खेळली, की आमच्या घरात बसून चंद्रच काय, चंद्रावरचे खड्डे मोजता यावेत.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण आतल्या खोलीत कापूस होता. ती वर्षंच तशी होती. कापूस शेतातून घरात यायचा आणि भाव नाही म्हणून रुसलेल्या जावयासारखा मुक्काम ठोकायचा. आमच्याकडे तो इतका ठासला होता, की पालीला कूस बदलायची तर ओसरीवर यावं लागे. वर अवकाळीचे ढग जमलेले. एकदा भिजून पिवळा पडला की तो गादीवाल्यानंही घेतला नसता.

खरं तर मी संक्रांतीलाच विकायला काढला होता. दादानंच अडवलं. मधल्या भिंतीवर तळहात ठेवून म्हणाला, "थांब जरा. भाव चढन. तुहा-माहा एकाच गाडीत नेऊ, एकाच दिवशी." मी थांबलो. भाव विहिरीत पडलेल्या बादलीसारखा खाली गेला, तरी थांबलो. रोज संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून भावाच्या नावानं च्च च्च करायचो. त्याचं च्च माझ्यापेक्षा मोठं असे.

कवेलू फेरायची आमची एक रीत होती. एकानं छपरावर चढायचं, एकानं आत कापसाच्या ढिगावर उताणं पडायचं. आतल्याला जिथं उजेड दिसेल तिथून त्यानं तुराटी, तुरीची वाळकी काडी, वर खुपसायची. तुराटी दिसली, की वरच्यानं तिथलं फुटकं काढून धडकं बसवायचं. माझ्या बाजूनं बायको खुपसत होती. इतक्या तडफेनं, की दोनदा माझं नाक थोडक्यात वाचलं. दादाच्या बाजूनं मात्र एकही तुराटी वर आली नाही.

मी वरूनच विचारलं होतं, "दादा, तुही काडी काहून नाही येऊन राह्यली?"

"माह्याकडं उजेडच नाही दिसत. अन् कापूस आढ्याले भिडला ना बाप्पा, आत मुंगी नाही जाऊन राह्यली."

मला तर अभिमान वाटला. असा भाऊ! शब्दापायी मुंगीचीही वाट अडवून बसला!

पण भिंतीच्या माथ्यावरचं कवेलू फुटलं होतं. तिथून पाणी उतरलं असतं ते थेट माझ्या कापसात. ते बदलायचं तर पलीकडचं आधी उचलावं लागतं, कारण एकावर एक बसलेलं असतं. म्हणून मी पलीकडे सरकलो आणि खालून तो आरडाओरडा सुरू झाला.

मी कवेलू उचललं. खाली लख्ख सारवलेली जमीन. दाराशी तेवढी कापसाची भिंत रचलेली, अंगणातून दिसेल इतपत. बाकी खोलीत नाटक कंपनीनं तंबू ठोकला असता. मधोमध वहिनी पापड लाटत बसलेल्या. त्यांनी वर बघितलं. दचकल्यासुद्धा नाहीत.

"भाऊजी, ठेवा ना ते कवेलू. माती पडून राह्यली पापडावर."

मागून कळलं, मी मारेगावला सासुरवाडीच्या लग्नाला गेलतो, तेव्हाच दादानं दाराशी तेवढा ठेवून बाकी सगळा कापूस विकायला नेला होता. अख्ख्या गल्लीनं गाडी पाहिली होती. च्च च्च त्यानंतरचं.

कवेलू मी बसवलं. त्याच्या बाजूचंही नीट बसवलं, कारण गळलं असतं तर माझ्याच कापसात. मग उतरलो. दादा शिडी धरून उभा होता, माझा मणका मोडू नये म्हणून.

मी सांगताना एका वाघाचे सात वाघ करणारा माणूस. त्या दिवशी तोंडातून एवढंच निघालं, "दादा, सांगायचं तं होतं."

त्यानं शिडी उचलून खांद्यावर घेतली.

"सांगतलं असतं तं तूबी आनला असता. गाडीत जागा एकाचीच होती."