सरासरीत हरवलेलं पाणी

वीज तयार करायला पाणी लागतं, हे पंचशीला सोनकांबळेला पुस्तकातून कळलं होतं. किती लागतं, ते विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात नोकरीला लागल्यावर दिसलं. तिथल्या, गरम पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरच्या माथ्यावरून पांढरी वाफ सतत आभाळात जायची. मुखेडात टँकरपुढं घागरी लावत मोठी झालेली ती पोरगी त्या वाफेकडं बघत उभी राहायची. रोज किती पाणी उडतं, असं तिनं विचारलं तर कुणाला धड सांगता येईना.

मग तिनं तेच मनावर घेतलं. नोकरी सोडली. वडील लिंबाजी गुरुजी हादरलेच. “पक्की नोकरी टाकून पाणी मोजत हिंडणार?” असं त्यांनी विचारलं. ती “हाव” म्हणाली आणि पुढच्या शिक्षणाला लागली. आता ती लातूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. जिथं मीटर नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, तिथं कारखाने आणि वीजकेंद्रं किती पाणी वापरतात याचा अंदाज काढणं, हे तिचं काम. किती वीज निघाली यावरून किती उष्णता वाया गेली ते कळतं, आणि ती उष्णता काढून न्यायला किती पाण्याची वाफ झाली असेल ते गणितानं काढता येतं.

जळकोट तालुक्यातल्या कवठतळीचं काम तिच्याकडं आलं ते भांडणातून. गावाशेजारी तलाव, तलावाच्या वर एक खासगी साखर कारखाना. कारखाना चिपाड जाळून वीजही तयार करी आणि विकी. सरपंच उज्वलाताईंची तक्रार होती, की कारखान्यानं तलाव आटवला. कारखान्यानं लिहून दिलं होतं, की उसातच भरपूर पाणी असतं, तेच आम्ही फिरवून वापरतो, तलावातलं नावापुरतं घेतो. खरं काय ते सांगायला जिल्ह्याच्या पाणी आराखडा समितीनं पंचशीलाला पाठवलं.

तलावातून पाणी उचलणाऱ्या पंपावरचं मीटर कधीचंच बंद पडलेलं. कारखान्याचे मुख्य इंजिनियर संगमेश्वर जरा ओशाळून म्हणाले, “दुरुस्तीला द्यायचं राहून गेलं, मॅडम.” पंचशीलानं वाद घातला नाही. गाळप जोरात चालू होतं. तिनं कारखान्याच्या कूलिंग टॉवरमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान घेतलं, हवेतला ओलावा मोजला, विकलेल्या विजेचे आकडे मागून घेतले. गणित पुन्हापुन्हा तपासलं. कारखान्याचं म्हणणं खरं निघालं.

ते तिनं गावात येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. समाजमंदिरात एकदम गलका झाला. मागून बजरंग नावाचा शेतकरी ओरडला, “कारखान्याचा चहा लई गोड लागला वाटतं!” लोक हसले. पंचशीलाचा आवाज चढला नाही.

“जे दिसलं तेच सांगितलं, दादा. तुम्हाला पाहिजे तो आकडा मला देता येणार न्हाई.”

उज्वलाताई हसल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, “मग मॅडम, उन्हाळ्यात आमचा तलाव कोण पिऊन राहिलंय?”

एसटीत बसल्यावरही तो प्रश्न सुटेना. भांडण गाळपाच्या हंगामात पेटलं, म्हणून तिनंही तो हंगामच तपासला होता. लातूरला पोचल्यावर तिनं विजेचे आकडे पुन्हा काढले, या वेळी गेल्या वर्षीचे, गाळप संपल्यानंतरच्या महिन्यांचे. एप्रिल, मे. वीज विकलेली होती, आणि थोडीथोडकी नाही. साठवलेलं चिपाड आणि विकत आणलेलं इंधन जाळून टर्बाइन चालू ठेवलेलं. ऊस नाही, म्हणजे उसातलं पाणीही नाही. मग टॉवरला लागणारं सगळं पाणी तलावातूनच येत असणार.

समितीची बैठक लातूरला झाली. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, घाईत होते. “मॅडम, वर्षाचा एक आकडा द्या. आराखड्यात एकच रकाना आहे.”

“त्या एका आकड्यावर मी सही करणार नाही, सर.”

“का? चुकीचा आहे?”

“बरोबर आहे, तीच अडचण आहे. हिवाळ्यात कारखाना नावापुरतंच घेतो आणि तलावाचा तळ उघडा पडायला लागला की सगळं घेतो. सरासरी काढली की दोन्ही झाकलं जातं. महिनेवार लिहा.”

“मग आम्ही दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ.”

“घ्या. पण मी सही करणार नाही.”

तेवढ्यात कारखान्याकडून बैठकीला आलेले संगमेश्वर बोलले, “शेवटी अंदाजच हाय न हा? प्रत्यक्ष कुणी मोजलंय?”

“नाही. म्हणूनच म्हणते, येत्या उन्हाळ्यात मीटर बसवा. माझा आकडा आजच लिहून ठेवते. चुकला तर मीच अहवालात तसं लिहीन.”

शेवटी संगमेश्वरही इंजिनियरच. “बसवतो,” ते म्हणाले. “मला बी बघायचंय.” मालकांना त्यांनी कसं पटवलं ते त्यांनाच ठाऊक, पण मीटर बसलं.

उन्हाळा संपला तेव्हा पंचशीलाचा अंदाज चुकलेला निघाला. तिनं धरलं होतं त्यापेक्षा पाणी जवळपास पाचव्या हिश्शानं कमी लागलं होतं. राख विझवायला कारखाना तलावातलं पाणी न घेता टॉवरमधून काढून टाकलेलं खारट पाणीच वापरत होता, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे अहवालात तिनं आपली चूक पहिल्याच पानावर लिहिली. खालच्या तक्त्यात एप्रिल आणि मे तरीही डोंगरासारखे उभे होते. समितीनं तक्ता महिनेवार छापला. तलाव ठरलेल्या खुणेखाली गेला, की टर्बाइन बंद करायचं, असं ठरलं.

पुढच्या वर्षी ते बंद झालं. तलाव काही तुडुंब राहिला नाही. गावात टँकर आला, फक्त बराच उशिरा आला.

त्या उन्हाळ्यात उज्वलाताईंचा फोन आला. “ताई, तलावावर आमच्या शेतीच्या मोटारी बी हायत. त्या मोजता का?”

“मोजते. पण त्यातून तुमचाही आकडा मोठा निघेल. गावात भांडणं लागतील.”

“लागू द्या. कारखान्याला विचारलं, तर आम्हाला बी कुणी विचारायला पाहिजे.”

रविवारी पंचशीला कवठतळीला उतरली. उज्वलाताईंनी तिला आधी बजरंगच्याच मोटारीवर नेलं. तो हाताची घडी घालून उभा होता. ना चहा विचारला, ना रामराम केला. तिनं पाइपाच्या तोंडाशी पिंप लावलं, ते किती वेळात भरतं ते बघायला घड्याळ हातात घेतलं आणि म्हणाली, “करा चालू.”

बजरंगनं उज्वलाताईंकडं बघितलं. मग निमूट वाकला आणि बटण दाबलं.